ग्रामपंचायतीत फायबर आलंय, वाडीत कसं आणायचं?

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. आमचं गाव लांजा तालुक्यात. नऊ वाड्या, डोंगरउतारावर विखुरलेल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची (पंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची) पेटी लागली त्याला बरीच वर्षं झाली. तिथून आमची वाडी तीन किलोमीटर, मधे एक पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. अडतीस घरं आहेत, त्यातली जेमतेम अर्धी बारमाही उघडी. मोबाइलची रेंज अंगणातल्या फणसाखाली येते, माजघरात नाही. पावसाळ्यात फणसाखालीही नाही.

आईवडील तिथेच असतात. मला महिन्यातले पंधरा दिवस तिथून काम करता आलं तर हवंच आहे, पण हा माझ्या एकट्याचा प्रश्न नाही. वाडीत आठ शाळकरी पोरं आहेत, दोघे आंबेवाले आहेत, एक पोरगी नर्सिंगचं शिकतेय.

पंचायतीपासून वाडीपर्यंतची तार कोण ओढतं? सरकार, कंपनी, की आपणच? खांबांवरून की जमिनीखालून? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर अनुभव हवेत. "स्टारलिंक (उपग्रहाचं इंटरनेट) येतंय की" एवढंच लिहायचं असेल तर कृपया जरा सविस्तर लिहा.

गोदाकाठ
स्टारलिंक येतंय की. :)

बाभूळबन
वाचतो आहे. आमच्याइकडं टावर गावातच हाये भाऊ, पन लाइन गेली का टावर बी जाते. जनरेटरचं डिझल कोन पेते ते सगळ्या गावाले मालूम.

टेस्टरवाला
चिरेबंदी, मी सांगली जिल्ह्यात केबल आणि आता फायबरचा धंदा करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं काम: पंचायतीतल्या पेटीचे दिवे बघून या. पेटी लागली म्हणजे चालू आहे असं नाही. संसदेत सांगितले जाणारे आकडे 'सेवेसाठी सज्ज' पंचायतींचे असतात, सुमारे २ लाख १४ हजार. सज्ज म्हणजे एकदा तरी उजेड पोचला (फायबरमधून सिग्नल उजेडाच्या रूपात जातो). तो आज पोचतोय का, हा वेगळा प्रश्न. लाल दिवा लुकलुकत असेल तर वाडीची गोष्ट नंतर, आधी तालुक्यापासूनची तार.

ती का तुटते त्याचं मूळ आखणीत आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली, तेव्हा नाव एनओएफएन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) होतं, भारतनेट हे नाव २०१५ चं. तालुक्यापर्यंत आधीपासून असलेली तार वापरायची आणि तिथून पंचायतीपर्यंत नवी टाकायची, असा बेत. म्हणजे एका बाजूने जाणारी सरळ ओळ. मधे जेसीबीचा एक दात लागला की पुढच्या सगळ्या पंचायती अंधारात. ऑगस्ट २०२३ ला सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा, त्यात रिंग करायचं ठरलंय, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने येईल असं. देखभालीचे पैसेही दहा वर्षांचे धरलेत. मला विचाराल तर त्यातली सगळ्यात शहाणी ओळ ही देखभालीची.

दुसरं, तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. जीपॉनचा (घरोघरी फायबर द्यायच्या नेहमीच्या पद्धतीचा) उजेड वीस किलोमीटरपर्यंत जातो. एक तार नेऊन वाडीत स्प्लिटर, म्हणजे उजेड वाटणारी डबी, लावला की बत्तीस घरं. उजेड अंतरापेक्षा जास्त मरतो तो वाईट जॉइंटात आणि स्प्लिटरात. घरात मीटर लावल्यावर उणे २० ते २४ डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप) दिसलं तर मजेत, उणे २७ च्या पलीकडे गेलं की पावसात रडणार.

तिसरं आणि खरं. तार तुटल्यावर वाडीतला कोण पोलवर चढणार? त्याला महिन्याला काय मिळणार? याचं उत्तर नसेल तर तार ओढू नका.

सह्यभटका
एवढा खटाटोप कशाला? लोकांच्या हातात मोबाइल आहे, दिवसाला दीड-दोन जीबी मिळतं. एक टॉवर उभा करून घ्या की झालं. २०२२ मध्ये केंद्राने २६ हजार ३१६ कोटी मंजूर केले ते टॉवर नसलेल्या २४ हजार ६८० गावांना फोर-जी द्यायलाच. खेड्यातल्या माणसाला फायबरची काय गरज, रील बघायला?

कातळफूल
सह्यभटका, तुमच्या घरी काय आहे? फायबरच ना?

मी देवरुखजवळच्या शाळेत शिकवते. रेशनच्या दुकानात अंगठा घ्यायचं यंत्र रेंज नसली की बंद. आमच्या दुकानदारांनी यंत्र टेकाडावर नेऊन तिथे म्हाताऱ्या माणसांना चढवलेलं पाहिलंय. किसान सन्मानची ई-केवायसी, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, सगळ्याला ओटीपी, आणि ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. पोरांना शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर आई एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाते. त्यातलं एकही काम रीलचं नाही. सरकारने सगळे दरवाजे ऑनलाइन केलेत, मग तिथवर पोचायची पायवाट कोण करणार?

आणि समजा रील बघितली. तर काय झालं? शहरात बघत नाहीत?

पाड्यावरून
+१ कातळफूल. शेवटचं वाक्य तर फारच.

टेस्टरवाला
सह्यभटका, मोबाइल आणि घरची जोडणी यांचा वापरच वेगळा. सुधारित भारतनेटच्या आधी साठ हजार गावांत एक चाचणी झाली, त्यात साडेतीन लाख घरांत फायबर दिलं. महिन्याला घरटी सरासरी वापर निघाला १७५ जीबी. दिवसाला दोन जीबी धरले तरी महिन्याचे साठच होतात. लोकांना गरज नाही असं आपण म्हणायचं आणि हातात दिल्यावर त्यांनी तिप्पट वापरायचं!

आणि टॉवरलासुद्धा मागून फायबरच लागतो हो. मायक्रोवेव्हवर, म्हणजे बिनतारी दुव्यावर, चालणाऱ्या टॉवरखाली दोनशे फोन आले की सगळ्यांना थेंब थेंब.

सह्यभटका
तिप्पट मान्य. पण ती साडेतीन लाख घरं पैसे मोजायला तयार होती. लांज्याच्या वाडीत महिन्याला ३९९ अधिक कर कोण भरणार? अर्धी घरं कुलूपबंद आहेत, असं धागाकर्तेच म्हणतात. माझा मुद्दा गरजेचा नव्हता, हिशेबाचा होता.

चिरेबंदी
हा मुद्दा बोचरा आहे आणि खरा आहे. वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारलं तर मुंबईकरांचा उत्साह दांडगा. "गणपतीत पाहिजेच." मग म्हटलं बारा महिने भाडं भरणार का? गट शांत.

मालवणी_खाजा
गणपतीत घरात पंचवीस माणसा आणि एक वायफाय. आरती चालू आसताना पोरगे पासवर्ड मागतत. कशाक व्हया ता?

बाभूळबन
खिक्!

दुधगंगा
खांब की जमीन यावर लिहितो. आमच्याकडे जलजीवनच्या पाण्याच्या पाइपसाठी चारी खणली तेव्हा आधी टाकलेली फायबर चार ठिकाणी तोडली. ठेकेदार म्हणाला, आम्हाला कुणी नकाशा दिला नाही. खरंच दिला नव्हता. केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप काढलं, खणायच्या आधी तारवाल्यांना कळवायला. आमच्या जेसीबीवाल्याने ते नाव माझ्याकडूनच ऐकलं.

वाईट याचं वाटतं की तीच चारी वाडीवाडीपर्यंत गेली होती. पाण्याच्या पाइपशेजारी एक रिकामी नळी टाकून ठेवली असती तर तार आज नाही तर पाच वर्षांनी त्यातून ओढता आली असती. खोदाईचाच खर्च मोठा, तार स्वस्त. दोन खाती, दोन टेंडरं, एकच रस्ता दोनदा उकरायचा.

कातळफूल
कोकणात मात्र जमिनीखाली म्हणजे जांभा फोडणं. आणि खांबांवरून म्हणजे वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरकडचे विजेचे खांब कसे झोपले ते आठवा. कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती. त्यावर लटकवलेल्या तारांचं काय होणार?

मालवणी_खाजा
वादळाक कशाक दोष देतास? आमच्याकडे फायबर म्हणजे वानरांचो झोपाळो. एका आंब्यावरसून दुसऱ्या आंब्यार.

टेस्टरवाला
वानर हा चेष्टेचा विषय नाही, आमच्या खर्चाच्या वहीत त्यांचं वेगळं पान आहे. :) शिवाय वणवा, नारळाची झावळ, आणि उसाने उंच भरलेली ट्रॉली.

तरी मी खांबच म्हणेन. जमिनीखालची तार दहा वर्षं तुटत नाही, पण तुटली की कुठे तुटली ते शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र लागतं, मग खोदा. खांबावरची तार वर्षातून चार वेळा तुटेल, पण नुसत्या डोळ्यांनी दिसेल आणि संध्याकाळपर्यंत जोडून होईल. अर्थात जोडणारा गावात असेल तर. विजेच्या खांबांवर लावायची असेल तर महावितरणची परवानगी घ्या, गुपचूप बांधू नका. उद्या लाइनमन कापून टाकील आणि तो बरोबर असेल.

जुनाजाणता
हा धागा वाचून वारणानगर आठवलं. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला होता. कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावं, प्रत्येक ठिकाणी संगणकाचं केंद्र, मागे साखर कारखाना आणि सहकार. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या काळातली गोष्ट. बेत मोठे होते, शेतकऱ्याने बाजारभाव बघावेत, पिकांचा सल्ला घ्यावा. प्रत्यक्षात शेतकरी येऊन विचारायचा ते ऊस किती भरला, तोडणीची पावती कधी, खत किती मिळालं.

पुढे २००६-०७ च्या सुमारास काही केंद्रांतले संगणक काढून त्याजागी मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती द्यायचा प्रयोग झाला, आणि तो स्वस्तात आणि वेगात चालला. कारण संगणक बिघडला की दुरुस्तीला माणूस बाहेरून यायचा. टेस्टरवाल्यांचा तिसरा प्रश्न तेव्हाही होता.

सह्यभटका
म्हणजे मोबाइलच जिंकला. धन्यवाद काका. :D

जुनाजाणता
एसएमएसला जिंकू द्या की. पोरीच्या नर्सिंगच्या वर्गाचा व्हिडिओ एसएमएसने येत नाही.

गोदाकाठ
हरिसालचं काय झालं पुढे? मेळघाटातलं देशातलं पहिलं डिजिटल गाव वगैरे.

बाभूळबन
लाव रे तो व्हिडिओ.

गोदाकाठ
हाहाहा. राज ठाकरेंच्या २०१९ च्या त्या सभांत बिचारं हरिसाल घराघरात पोचलं, घराघरातलं इंटरनेट हरिसालात पोचलं असो वा नसो.

संपादक मंडळ
राजकारणाकडे वळू नका, त्यासाठी वेगळा विभाग आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पाड्यावरून
आमचा प्रकार वेगळा. पालघर जिल्हा, पंचायत एक आणि पाडे दहा-बारा, मधे जंगल. वनखात्याच्या जमिनीतून तार न्यायची परवानगी हा एक स्वतंत्र ग्रंथ. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी 'ग्राममार्ग' नावाने इथल्या पंचवीस गावांत प्रयोग केला होता. टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून पंचायतीपासून पाड्यापर्यंत इंटरनेट नेलं. त्या लहरी झाडीतून बऱ्या जातात, वायफायसारख्या पहिल्याच सागाला अडकून पडत नाहीत. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. पण त्या लहरी सर्रास वापरायची मुभा नसल्यामुळे प्रयोग प्रयोगच राहिला. जिथे तार जाऊच शकत नाही तिथे असलं काही, नाहीतर उपग्रह.

म्हणून स्टारलिंकला हसू नका. जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, नोव्हेंबरात राज्य सरकारने इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशी नावं आहेत. जुने उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, एक प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर. हे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे व्हिडिओवर बोलताना समोरच्याचं वाक्य मधेच कापावं लागत नाही. आरोग्य उपकेंद्रावर आणि आश्रमशाळेत एकेक थाळी (डिश अँटेना) बसली तरी खूप. घरोघरी मात्र जमेल असं वाटत नाही. ज्याचं महिन्याचं रोख उत्पन्न पाच-सहा हजार त्याने थाळीचे पैसे कुठून आणायचे?

चिरेबंदी
आमच्याकडे जंगल नाही, पऱ्या आहे फक्त. म्हणजे तारच.

ओलेबूट
इंग्लंडमधून लिहितोय, लँकेशायर. 'तिकडे सगळं सोपं' असं नाही, म्हणून सांगतो. इथल्या ल्यून नदीच्या खोऱ्यात मोठ्या कंपन्यांनी शेतांतल्या घरांना तार द्यायला नकार दिला होता. घरं लांब लांब, धंदा परवडेना. लोकांनी २०११ मध्ये बी-फोर-आर-एन नावाची स्वतःची संस्था काढली, भाग विकून पैसे उभे केले, आणि शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून फुकट वाट दिली. रस्ता खणला तर पैसे आणि परवाने, शेताची कड खणली तर फक्त शेजाऱ्याचा होकार. चारी पुष्कळशी गावकऱ्यांनीच खणली. आज डोंगरातल्या मेंढपाळाच्या घरात एक जीबीपीएस आहे, माझ्या शहरातल्या घरात नाही.

दुधगंगा
शेताच्या कडेने फुकट वाट! आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्यांच्या कोर्टकचेऱ्या चालतात.

जुनाजाणता
हसण्यावारी नेऊ नका. सहकाराने वीज विकलेलीही आपण पाहिली आहे. नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चाळीसेक वर्षं गावांना वीज द्यायची. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि महावितरणने ताबा घेतला, थकबाकीचा डोंगर होता. म्हणजे आपल्याकडे संस्था उभी राहते. वसुलीच्या वेळी मात्र सगळे पाहुणेरावळे निघतात.

टेस्टरवाला
एकदम बरोबर. वसुली. म्हणून अडतीस घरांची संस्था काढू नका, एक माणूस उभा करा. सरकारी योजनेत त्याला 'भारतनेट उद्यमी' म्हणतात. तार आणि उपकरणांचा भार योजनेवर, जोडणी देणं, दुरुस्ती आणि वसुली त्याच्याकडे, महिन्याच्या बिलात त्याचा निम्मा वाटा. ३९९ मधले समजा दोनशे. वीस घरांचे चार हजार. एवढ्यावर कुणाचं घर चालत नाही, पण आधीच वायरमनचं, पंप दुरुस्तीचं किंवा आपले सरकार केंद्राचं काम करणाऱ्याला जोडधंदा म्हणून चालतं. नऊ वाड्या मिळून दीडशे घरं झाली तर तो पूर्णवेळ माणूस झाला.

तुमची चूक, म्हणजे चूक नाही, तुम्ही एकट्या वाडीचा विचार करताय. नऊही वाड्यांचा करा.

कातळफूल
आणि तो 'माणूस' म्हणजे बाप्याच का? आमच्याकडे बचतगटातल्या एका ताईंनी ग्राहक केंद्र चालवून दाखवलंय. पोलवर चढायला गडी मिळेल, वसुली आणि तक्रारी बायका जास्त चोख करतात. उधारी मागायला त्या लाजत नाहीत.

टेस्टरवाला
मान्य. आमची वसुली आमची मंडळीच बघते. मी गेलो तर चहा पिऊन परत येतो.

गोदाकाठ
अवांतर: सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किती वेग ठाऊक आहे का? जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएस होता. आता २ एमबीपीएस. म्हणजे चिरेबंदींचा फणस चांगल्या दिवशी ब्रॉडबँडच आहे!

चिरेबंदी
:) फणसाला सांगतो.

जरा उशिरा आलो, पण काम करून आलो. गावी जाऊन पेटी बघितली. हिरवा दिवा होता, म्हणजे उजेड येतो. पण पेटीची बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज गेली की बंद, आणि आमच्याकडे वीज रोज जाते. ग्रामपंचायत अधिकारी म्हणाले, बॅटरी आमच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या, तर तालुक्याला विचारा.

वाडीची बैठक घेतली. कुलूपबंद घरांवरून अपेक्षेप्रमाणे खडाजंगी झाली. मुंबईकर म्हणाले, आम्ही तार ओढायला एकदाच वर्गणी देऊ, महिन्याचं भाडं नाही. गावकरी म्हणाले, मग गणपतीत आमचा पासवर्ड मागू नका. शेवटी तोड निघाली: बंद घरांनी उभारणीचे पैसे द्यायचे, भाडं फक्त उघड्या घरांनी, आणि देवळाच्या सभामंडपात एक सामाईक जोडणी, तिचं भाडं वाडीच्या फंडातून. उघड्या घरांपैकी अकरा घरं तयार आहेत, बाकीचे "बघू" म्हणतात.

शेजारच्या दोन वाड्यांशी बोलणं सुरू केलंय. कातळफूल यांनी सुचवलं तसं बचतगटाच्या एका ताईंचं नाव तिथे आपोआपच निघालं, त्या आधीपासून बँकेचं काम बघतात. त्यांचा पहिला प्रश्न: "तुटली तर जोडायला यंत्र कुणाचं?"

टेस्टरवाला
बाई धंद्याची आहे. स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली तार जोडायचं, यंत्र चांगलं घ्यायचं तर लाखाच्या घरात जातं, सुरुवातीला विकत घेऊ नका. लांजा-राजापूर भागातला एखादा केबलवाला गाठा, दर जॉइंटमागे पैसे ठरवा. वाडीतल्या एका पोराला त्याच्याबरोबर महिनाभर हिंडू द्या. तोवर यांत्रिक जोड वापरा, त्यात थोडा उजेड जातो पण तीन किलोमीटरला चालून जाईल.

ग्रामसभेचा ठराव करा, त्यात नऊही वाड्यांची नावं आणि इच्छुक घरांची यादी जोडा. पंचायत नसलेल्या वाड्यावस्त्यांना मागणी आली तर जोडणी द्यायची, असं सुधारित कार्यक्रमात आहे. मागणी कागदावर दिसली पाहिजे. बॅटरीचं पत्र वेगळं द्या, दोन्ही एका कागदात घालू नका, नाहीतर बॅटरीसाठी ठराव अडेल. आणि घरोघरी ओएनटीला (घरातल्या फायबरच्या पेटीला) बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावायला सांगा, दीड-दोन हजारांत येतो.

सह्यभटका
अकरा घरं म्हणजे महिन्याला बावीसशे. यावर त्या ताई किती दिवस टिकतील?

चिरेबंदी
तीन वाड्यांची मिळून तिसावर घरं झाली तरच त्या हो म्हणणार आहेत. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

सह्यभटका
मग ठीक. माझं आजोळ तुमच्या शेजारच्याच गावात आहे, तिथे मामाला विचारून बघतो. तुमची तार त्यांच्या वाडीच्या वरूनच जाईल.

मालवणी_खाजा
मामाच्या बागेत वानरां किती हत ता पयला विचारा.